भिवाच्या मशालीचं तेल

मिल्या, कावळा लगेच आला याचा मला अजून राग आहे.

बुधवारी तुझा दहावा झाला. प्रवरेच्या घाटावर सगळे जमले होते. गुरुजींनी पिंड मांडले, लोक मागं सरकले, आणि मी तयारीनंच गेलो होतो की आता निदान दुपारपर्यंत उन्हात उभं राहावं लागणार. तुझं काय थोडं राहिलं होतं? पीएचडीचं घोंगडं भिजत पडलेलं, तुझ्या दादांच्या मुलीला बुद्धिबळ शिकवायचं कबूल केलेलं, माझ्याशी भांडण अर्धवट. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे तुझ्या रविवारच्या गोष्टीत आम्ही तिघं खर्ड्याच्या किल्ल्यातल्या तळघरात कोंडलेलो. अश्विनी शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली की कावळा अडला तर काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवू या. आम्ही ठरवलंही. दादांचं, वहिनींचं, तुझ्या आईचं सगळं बोलून झालं आणि तरीही कावळा शिवला नाही, तर मी पुढं व्हायचं आणि म्हणायचं, आम्ही बाहेर पडू, तू काळजी करू नकोस. चाळिशीला टेकलेल्या बाप्यानं तुझ्या अख्ख्या भावकीसमोर हे बोलायचं! पण मी बोललो असतो.

वेळच आली नाही. गुरुजी मागं वळतायत तोवर एक कावळा उतरला आणि भाताचा घास घेऊन गेलासुद्धा. सगळ्यांना हायसं वाटलं. तुझी मामी म्हणाली, "सुटलं गं पोरगं. कायबी मागं राह्यलं न्हाई त्याचं." तुझी आई रडली, पण तिच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यासारखं दिसलं, म्हणून मी गप्प बसलो. नाहीतर त्या कावळ्याला दगडच घालणार होतो. काही मागं राहिलं नाही म्हणे. मग आम्ही कोण?

आमच्यातला तिसरा, शमुवेल, पलीकडे हात बांधून उभा होता. घाटाच्या पायऱ्या चढताना म्हणाला, "आमच्यात हे नसतं. पण मीपण वाट बघत होतो रे."

वर चहाला थांबलो तेव्हा तुझ्या मामांनी विचारलं की तुम्ही तिघं मिलिंदबरोबर कामाला होता का. आता काय सांगायचं? अश्विनी दूध संघाच्या प्रयोगशाळेत, शमुवेल राजूरच्या वरच्या अंगाला जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, मी घरात बसून परक्या देशातल्या लोकांची सॉफ्टवेअरची कामं करणारा, आणि तू कॉलेजात तासावर तत्त्वज्ञान शिकवणारा. मी म्हटलं, मित्र होतो. ते म्हणाले, ते दिसतंच आहे, पण वळख कशी? मी खरं सांगितलं. लहानपणी टीव्हीवर एक मालिका लागायची, अंतराळातल्या यानाची. ती मध्येच बंद पडली. शेवटच्या भागात ते यान एका ग्रहाभोवती अडकलं आणि तिथंच राहिलं. पुढं काय झालं असेल यावर भांडणारा एक ग्रुप इंटरनेटवर होता, तिथं आम्ही चौघं एकमेकांना शिव्या देत होतो आणि एक दिवस कळलं की चौघंही संगमनेरच्या आसपासचेच. मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि मान हलवली. त्यांना दया आली असावी.

मग त्यांनी विचारलं की दर रविवारी दादांच्या दुकानाच्या माडीवर तुम्ही काय करायचा. तेही सांगितलं. एक जण गोष्ट चालवतो, त्याला आम्ही सूत्रधार म्हणतो, तो मिलिंद. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. समोर काय आहे ते सूत्रधार सांगणार, आपण काय करणार ते आपण सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. मामा म्हणाले, "म्हंजी जुगार न्हाई?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग बरंय." तू असतास तर यावर आठवडाभर हसला असतास.

खरं सांगू का, हा आठवडा मी कसा काढला ते मला माहीत. सोमवारी डाळिंबवाल्यांच्या ॲपचं काम पुढं ओढायला बसलो. ते आपलं शेवटचं काम, कोड माझा आणि मजकूर तुझा. बागेत कधी काय फवारलं ते शेतकऱ्यानं मोबाईलवर टिपून ठेवायचं, एवढंच ते ॲप. मी नेट बंद करून तपासत होतो की मध्येच रेंज गेली तर काय होतं. आणि पडद्यावर तू आलास. "रेंज गेलीय. तुम्ही लिहिलेलं कुठं गेलेलं नाही, इथंच आहे. रेंज आली की आपोआप जाईल. तोवर चहा घ्या." हे तू लिहिलं होतंस हे मी विसरूनच गेलो होतो. मी नेट चालू केलं, बंद केलं. परत तू. परत चालू, परत बंद. आईनं दारातून विचारलं, जेवायचं नाही का. मी म्हटलं, काम चाललंय.

नाशिकच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की मजकूर जरा गावंढळ वाटतोय, चहाबिहा काढा आणि 'संपर्क उपलब्ध नाही' असं काहीतरी टाका. मी त्याला म्हटलं, साहेब, बागेत उभ्या माणसाला संपर्क उपलब्ध नाही हे कळतंच, त्याला भीती वाटते ती लिहिलेलं गेलं का याची. हे वाक्यसुद्धा तुझंच होतं, मी फक्त आवाज चढवला. शेवटी तो म्हणाला, ठेवा तुमचा चहा.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी माझे परदेशातल्या लोकांशी लांबलचक कॉल असतात. ते मला कॅमेरा चालू ठेवायला लावतात. मागची भिंत पांढरी दिसावी म्हणून मी दार लावून घेतो, म्हणजे पलीकडे वडिलांची, नानांची कॉट, त्यांचं भांडं, दोरीवर वाळत घातलेले कपडे त्यांना दिसत नाहीत. नाना लकव्यानं पडले तेव्हा पुण्याची नोकरी सोडून सहा महिन्यांसाठी म्हणून आलो. ते सहा महिने अजून चालूच आहेत. सकाळी नानांचं आवरायचं, मग दार लावून काम, मग दार उघडून नानांचं आवरायचं. रविवार सोडला तर मी कुठं जात नव्हतो. तूच म्हणायचास की तुझ्या घरात दारं खूप आहेत आणि तू सगळी लावून बसतोस.

यावरच आपलं भांडण होतं. मी म्हणायचो की मी अडकलोय, आणि तू म्हणायचास की नाही, तू राहिलायस. किती चिडायचो मी! तुला काय जातंय बोलायला, असं म्हणायचो. मग तू तुझी ती एस.टी. काढायचास. एस.टी. फाट्यावर उभी आहे. दोघं उतरायचे राहिलेत. एकाच्या पायावर कुणाची तरी कांद्याची गोण पडलीय, त्याला हलताच येत नाही. दुसऱ्याच्या मांडीवर शेजारच्या बाईचं पोर झोपलंय, म्हणून तो उठत नाही. बाहेर उभ्या माणसाला दोघं सारखेच बसलेले दिसतात. "आता सांग, दोघं सारखे का?" असं म्हणून तू शेंगा सोलायला लागायचास. आणि मी म्हणायचो, दोघांचाही फाटा गेला ना? ते सांग आधी. तू यावर कधी नीट उत्तर दिलं नाहीस. नुसता हसायचास. शेवटच्या रविवारीही नुसता हसलास आणि म्हणालास, पुढच्या वेळी सांगतो.

खर्ड्याला आपण गेलो होतो ती एकच सहल. शमुवेलच्या मेव्हण्याची गाडी, उकाडा, आणि पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं म्हणून अश्विनीनं बांधून आणलेले धपाटे. तू तटावरून पावलं मोजत फिरत होतास. आम्हाला वाटलं, वेड लागलं याला. पुढच्या रविवारी कळलं की अख्खा किल्ला तू गोष्टीत आणलायस. आमची माणसं जुनीच, अश्विनी खबरी बाई, शमुवेल पैलवान आणि मी वैद्य. पैलवानानं धान्याच्या कोठाराचं दार उघडलं, तिघं आत शिरलो, मागं धोंडा पडला आणि आम्ही तळघरात. आत आधीच एक म्हातारा बसलेला, भिवा मशालजी. तू खोकून भिवाचा आवाज काढलास आणि म्हणालास, "या. बसा."

तेव्हापासून दर रविवारी सुरुवात तीच. तू म्हणायचास, भिवा मशालीत तेल घालतो, भिंतीला पाठ लावून बसतो आणि म्हणतो, "बोला, आज काय करायचं?" मग आमची खटपट सुरू. अश्विनीनं एकेक चिरा ठोकून पाहिला. शमुवेलनं दाराला खांदा लावून लावून पैलवानाचा खांदा निखळवला, तो मी बसवला. मी म्हटलं, मशाल विझवा, ती हवा खातेय. तू माझ्याकडं जरा वेळ बघितलंस आणि म्हणालास, "वैद्यबुवा, विझवतो, पण मग तुमचं तोंड कसं दिसायचं?" आणि तशीच ठेवलीस. आम्हाला वाटलं, तू मजा घेतोयस. रविवारमागून रविवार गेले. अश्विनी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, मिलिंद, एक तरी खूण सांग. तू म्हणालास की सगळं तुमच्यासमोरच आहे.

आणि मग तो सोमवार आला. तो काही सांगत बसत नाही. तुला माहीत आहे आणि मला आठवायचा नाही.

दादांनी तुझी पिशवी आणून दिली. आम्ही तिघांनी उलटी करून बघितली. फासे, खडूचे तुकडे आणि शेंगांची टरफलं. तू ओळभर काही लिहून ठेवलं नव्हतंस, गाढवा. सगळं डोक्यात. बाहेरची वाट तुझ्याबरोबर गेली. अश्विनी म्हणाली, अगदी मालिकेसारखंच झालं. तू नेहमी म्हणायचास ना, मालिका बंद पडली ते बरं झालं, यान अजून फिरतंय तरी? बघ, फिरतंय. आत बसून बघ म्हणजे कळेल फिरणं काय असतं.

गुरुवारी दादांनी मला दुकानात बोलावलं. खाली जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरायचं काम चालूच होतं, तांब्याच्या तारेची गुंडाळी त्यांच्या मांडीवर. मान वर न करता म्हणाले, "परशांत, एक बोलायचं हुतं. माडी मला मोकळी करावी लागंल. माल ठेवायला जागा न्हाई. तुमी या रविवारी बसा पाहिजे तर. पुढं न्हाई व्हायचं." मग जरा थांबून म्हणाले, "तुमचा आवाज यायचा ना खाली. आता मला ते…" आणि तार ओढायला लागले. मी म्हटलं, बरोबर आहे दादा. बाहेर येऊन अश्विनीला आणि शमुवेलला कळवलं की हा रविवार शेवटचा. त्या दिवशी बाहेर पडलो तर पडलो, नाहीतर ती तीन माणसं कायमची त्या तळघरात. हसू नकोस. मला त्यांची काळजी वाटत होती. त्या वैद्याची जास्त. त्याला तिथं ठेवून मी घरी दार लावून कसा बसणार होतो?

शुक्रवारी कॉल झाला आणि मी सवयीनं दार उघडून म्हटलं, मिल्या, चहा टाकू का. तू मंगळवार-शुक्रवार तास संपवून यायचास ना. मी कॉलवर असायचो आणि तू नानांपाशी बसायचास. मला वाटायचं, याला तास संपल्यावर दुसरा उद्योग नाही. नानांनी दाराकडं बघितलं. त्यांना आता एवढं एकच जमतं, बघणं आणि 'व्हय' म्हणणं. त्यांना मी तुझं सांगितलं होतं. ते दाराकडंच बघत राहिले.

शनिवारी नानांचा उजवा हात चोळायला आईनं बाटली घेतली तर रिकामी. म्हणाली, तेल संपलं, आता आणावं लागेल. मी म्हटलं, कुठून आणतेस, नाव सांग, घेऊन येतो.

"मी कुठं आणते?" आई म्हणाली. "मिलिंद आणायचा. मोहाचं तेल आहे ते, राजूरच्या बाजारातलं. त्या तुमच्या मास्तरकडून मागवायचा."

"कधीपासून?"

"नाना पडल्यापासून. हातसुद्धा तोच चोळायचा. मला म्हणायचा, काकू, तुम्ही जरा पडा." आईनं बाटलीचं बूच लावलं. "तुला वाटलं, बाटली आपली आपण भरते?"

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? आई म्हणाली, मिलिंदच म्हणाला होता की पश्याला सांगू नका, उपकार झाल्यासारखं तोंड करून बसेल. शमुवेलला फोन लावला. त्याला वाटत होतं की तेल तुझ्या आईच्या गुडघ्यांसाठी आहे. त्याला तू तसंच सांगितलं होतंस.

मग मी नानांचा हात मांडीवर घेऊन बसलो. तेल नव्हतं, तरी नुसताच चोळला. मला नीट येतसुद्धा नव्हतं. नाना माझ्या हाताकडं बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की मिलिंद असं नाही करत. आणि तिथं, नानांच्या कॉटवर बसून, मला ते ऐकू आलं. भिवा मशालीत तेल घालतो.

इतके रविवार! बंद तळघर, बाहेर धोंडा, आणि हा म्हातारा दर वेळी मशालीत तेल घालतोय. कुठून? कोडी सोडवण्यात आयुष्य घातलेली तीन माणसं आणि एकानंही विचारलं नाही. त्यालाही कारण आहे, आणि ते तुला पाठ होतं. सूत्रधाराच्या माणसाला, म्हणजे भिवासारख्याला, उत्तर विचारायचं नाही, असा नियमच होता आपला. तो नियम मी केला होता. मला कुणाचं फुकटचं उत्तर नको होतं. तू हरकत घेतली नव्हतीस, फक्त म्हणाला होतास, बघ हं पश्या.

आणखी दोन नियम होते. एक म्हणजे सांगितलं ते झालं, टेबलावर एकदा बोललेलं मागं घ्यायचं नाही. आणि दुसरा म्हणजे जो आला नाही तो झोपलेला समजायचा आणि बाकीच्यांनी त्याला उचलून न्यायचा. मागं टाकायचा नाही. हा तू केला होतास, खर्ड्याच्या आधी, नाना परत दवाखान्यात होते आणि मी येत नव्हतो तेव्हा. शमुवेलच्या पैलवानानं माझ्या वैद्याला खांद्यावर टाकून नदी ओलांडली होती, डोंगर चढला होता. मी परत आलो तर वैद्य त्यांच्याबरोबर होता, जागचा हलला होता, पुढच्या गावात पोचला होता. मी घरी होतो आणि तरी पुढं गेलो होतो. त्या दिवशी घरी जाताना मी गाडी बाजूला घेऊन रडलो होतो. तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

काल रविवार. शमुवेल चर्चमधून परस्पर आला, इस्त्रीच्या शर्टात. जिन्यावर तांब्याच्या तारांची रिळं येऊन पडलेली, त्यांतून वाट काढत वर गेलो. तुझी खुर्ची तिथंच. आम्ही तिघं आपापल्या जागी बसलो आणि कुणालाच सुरुवात करता येईना. सुरुवात तुझी असायची. खाली दादांचं मशीन चालू होतं.

मी म्हटलं, "भिवा तेल कुठून आणायचा?"

अश्विनी म्हणाली, नियम आहे ना. मी म्हटलं, माझाच होता, मोडला. मग आमच्या घरच्या बाटलीचं सगळं सांगितलं. अश्विनीनं ओढणीनं डोळे पुसले. शमुवेल खाली बघत होता. मग म्हणाला, "पण विचारायचं कुणाला? भिवा आता बोलणार कसा?"

ते खरंच होतं. उत्तर फक्त सूत्रधार देऊ शकतो. मी उठलो आणि तुझ्या खुर्चीत बसलो. ती खुर्ची कुरकुरते हे तू कधी बोलला नव्हतास. तिथून समोरचं वेगळंच दिसतं, मिल्या. ती दोघं तुझ्याकडं बघतात आणि तुला पुढचं काही ठाऊक नसतं. तुला ठाऊक असायचं का? का तूही आमच्या तोंडाकडं बघतच चालवायचास?

मी म्हटलं, "वैद्य आज आलेला नाही. तो झोपलाय. भिवाही आलेला नाही. तोही झोपलाय, भिंतीला पाठ लावून. मशालीत तेल थोडंच आहे."

अश्विनी म्हणाली, "मी वैद्याला उचलते."

शमुवेल म्हणाला, "मी भिवाला."

"उचललास," मी म्हटलं. आणि तोंडातून आपोआप आलं, "त्याच्या पाठीमागं भिंत नाही. माणूस वाकून जाईल एवढी वाट आहे. आतून गार वारा येतोय. पायऱ्यांवर तेलाचे डाग पडलेत, जातानाचे आणि येतानाचे."

खालचं मशीन थांबलं होतं. एवढे रविवार तो वाटेच्या तोंडाशीच बसला होता आणि आम्ही त्याला एकदाही म्हटलं नाही की जरा सरक, किंवा ऊठ, किंवा बाबा, तू इथं कसा. तो कोंडलेलाच नव्हता. तो रोज बाहेर जात होता आणि तेल घेऊन परत आत येत होता, आमची तोंडं दिसावीत म्हणून. ही वाट तू ठरवली होतीस का काल मी ठरवली, मला माहीत नाही. सांगितलं ते झालं.

आणि तुझ्या एस.टी.चं मला कळलं, पण अर्धंच. मांडीवर पोर घेऊन बसलेला माणूस म्हणजे तू स्वतः, हे कळलं. मी समजत होतो, तो मी. पण फाटा तुझाही गेलाच ना रे? ते तू सांगितलं नाहीसच. आता मी कुणाशी भांडू?

त्या दोघांना मी पायऱ्यांवरून वर काढलं. वाकून, अंधारातून, तटाच्या बाहेर. ऊन सांगितलं, बाभळी सांगितल्या, लांब रस्त्यानं उसाला निघालेल्या बैलगाड्या सांगितल्या. मी मात्र खुर्चीतच होतो. सूत्रधाराला बाहेर पडता येत नाही, हेही तू कधी बोलला नव्हतास.

दार ढकलून दादा आत आले. हाताला वंगण तसंच. आमच्या तिघांच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "निघाले का भाईर?"

मी म्हटलं, "निघाले दादा."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि तिथंच खाली टेकले. मग म्हणाले की माल काय, खालीसुद्धा मावंल कसातरी. मी म्हटलं, नको दादा, तुम्ही माडी घ्या. अश्विनीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, इथून पुढं आमच्या घरी बसायचं, नानांच्या खोलीत. तिथं भांडं आहे, औषधांचा वास आहे, कपडे वाळत असतात, चालेल ना? ती म्हणाली, प्रशांत, मिलिंद किती दिवस हेच म्हणत होता. मला माहीत होतं. तू म्हणायचास, नानांना गोष्ट आवडेल, आणि मी म्हणायचो, घरी नको.

शमुवेल अजून खेळातच होता. हात तसेच, खांद्यावर कुणीतरी असल्यासारखे. म्हणाला, "बाहेर तर आलो. आता भिवाला ठेवू का खाली? झाडाखाली सावली आहे म्हणतोस ना."

"नाही," मी म्हटलं. "तो आलेला नाही. झोपलाय. चला घेऊन."

"जड आहे रे फार."

"असू दे."